मुठीतली काच

१६८४ साली चीनचा सम्राट कांगशी दक्षिणेच्या दौऱ्यात नानजिंगला थांबला असताना दोन जेझुइट धर्मगुरू त्याच्या भेटीला आले. युरोपातून आलेल्या काही वस्तू त्यांनी नजराणा म्हणून पुढे ठेवल्या. सम्राटाने त्या पाहिल्या, देणाऱ्यांचा मान राखला आणि वस्तू परत केल्या. ठेवून घेतली ती फक्त तपकीर. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. पुढे बारा वर्षांनी त्याने पेकिंगमध्ये काचेचा कारखाना उभारला आणि त्या कारखान्यातून निघालेल्या असंख्य वस्तूंमध्ये सगळ्यांत लहान, तरी सगळ्यांत लाडकी ठरली ती तपकीर ठेवायची कुपी. पुढची पाने या कुप्यांविषयी आहेत आणि त्या जमवणाऱ्यांच्या नजरेविषयीही.

आपल्याकडे तपकीर म्हटले की डबी डोळ्यांपुढे येते. पितळेची किंवा चांदीची, झाकणावर बोटाने टकटक करून उघडायची. तपकिरीची सवय घरोघर इतकी मुरली की मराठीत एका रंगाचे नावच तिच्यावरून पडले. ही पूड आपल्याकडे आली त्याच समुद्रवाटेने ती चीनकडेही गेली. ब्राझीलमधल्या बाहियाचा तंबाखू पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात उतरत असे, आणि चीनच्या दारातले पोर्तुगीजांचे ठाणे मकाव हे १८४४पर्यंत गोव्याच्याच कारभाराखाली होते. युरोपने तपकीर डबीत ठेवली, आपणही डबीतच ठेवली. चीनने मात्र ती बाटलीत भरली.

याची कारणे अगदी व्यवहारातली आहेत. दमट हवेत डबीतली पूड ओलसर होऊन तिचा गोळा होतो आणि वासही उडतो. अरुंद तोंडाला घट्ट बूच बसवले तर दोन्ही टळते. औषधाची पूड ठेवायच्या लहान बाटल्या चीनमध्ये आधीपासून होत्याच. शिवाय तपकीर तिथे बराच काळ औषध म्हणूनच ओढली जाई, डोकेदुखीवर, पडशावर. चिनी झग्याला खिसा नसे. वस्तू बाहीत किंवा कमरेच्या बटव्यात ठेवायची, म्हणजे ती गुळगुळीत, गोलसर आणि लहानच हवी. या सगळ्यातून जे रूप तयार झाले त्याला चिनी भाषेत ‘बीयेनहू’ म्हणतात: ‘बी’ म्हणजे नाक, ‘येन’ म्हणजे धूर आणि ‘हू’ म्हणजे सुरई. उंची बहुधा पाच ते आठ सेंटिमीटर. खाली बसकी बैठक, वर अंग, मग आखूड मान. मानेत बूच, बुचाला आतल्या बाजूने खोचलेली हस्तिदंताची, हाडाची नाहीतर बांबूची लांब दांडीची चमची, आणि बुचावर पोवळ्याचे, जेडचे किंवा रंगीत काचेचे टोपण. चमचीने चिमूटभर पूड काढायची, अंगठ्याच्या नखावर किंवा छोट्या बशीत ठेवायची आणि ओढायची. पाहुण्याला आधी द्यायची रीत होती, म्हणून कुपी रोज चारचौघांत निघे. तिच्या देखणेपणाला त्यामुळेच मोल होते.

कुप्या कशाच्या नव्हत्या? जेडच्या होत्या, अकीकाच्या होत्या, चिनी मातीच्या, पोवळ्याच्या, तृणमणीच्या, लाखेच्या, भोपळ्याच्या, हस्तिदंताच्याही होत्या. संग्राहकाने यांतली काचच का निवडावी, हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात आधी येईल, कारण आपल्या भाषेत काच ही नेहमी हिऱ्याच्या किंवा मण्याच्या विरुद्ध बाजूला उभी असते. हा हिशेब इथे बाजूला ठेवावा लागतो. कांगशीच्या छिंग राजवटीच्या दरबारात काच ही नवी, अवघड आणि सम्राटाच्या खास आवडीची वस्तू होती. तिच्यावर जेड कोरणाऱ्या कारागिरांचे हात चालले, चित्रकारांचे कुंचले चालले आणि युरोपातले रसायनज्ञानही खर्ची पडले. एकाच पदार्थात इतके निरनिराळे हात दुसऱ्या कोणत्याही कुपीत सापडत नाहीत.

कारखान्याची गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी. किलियन श्टुम्फ हा जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गचा जेझुइट १६९५मध्ये पेकिंगला पोचला. गणित आणि यंत्रविद्या यांच्याबरोबर त्याला काच घडवण्याचे तंत्र माहीत होते. दुसऱ्याच वर्षी, १६९६मध्ये, फ्रेंच जेझुइटांच्या चर्चला लागून त्याच्या देखरेखीखाली राजवाड्याचा काच कारखाना सुरू झाला. पण तिथे श्टुम्फ एकटा नव्हता, आणि हे विसरले की साऱ्या गोष्टीचा तोल बिघडतो. चीनमध्ये काच घडत होतीच. शानदोंग प्रांतातल्या बोशानला कोळसा होता, गारगोटी होती आणि पिढ्यान्‌पिढ्या भट्टीवर बसलेली घराणी होती. तिथले लोक मणी, पडदे, दिवे, खेळणी बनवत. राजकारखान्याला कच्ची काच आणि कसबी माणसे बोशानने पुरवली. ग्वांगजोऊहूनही कारागीर आणले गेले. युरोपातून आल्या त्या रंगांच्या आणि मिश्रणांच्या काही नव्या कृती. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनी काचेला माणकासारखा लाल रंग देण्याची कृती ही त्यांतली सर्वांत मोलाची.

निकाल लवकर दिसला. विद्वान कवी वांग शिचन याने अठराव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत लिहिलेल्या टिपणांत तपकिरीचा, तिच्या औषधी गुणाचा आणि राजवाड्यात बनणाऱ्या काचेच्या कुप्यांचा उल्लेख केला आहे. लाल, जांभळ्या, पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या, हिरव्या अशा रंगांची यादी देऊन तो त्यांच्या हस्तिदंती चमचीपर्यंत येतो. आजच्या संग्राहकाला हे टिपण फार जवळचे वाटते. समोरच्या वस्तूची इतक्या आधीची आणि इतकी नेमकी साक्ष क्वचितच मिळते.

त्या पहिल्या काळातल्या काचेला एक दुखणे होते. मिश्रणात क्षार जास्त आणि चुना कमी पडला की काच आतून अस्थिर राहते. हवेतल्या दमटपणाने क्षार पृष्ठभागावर येतो, काचेला जणू घाम सुटतो, आणि वर्षानुवर्षांनी अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पसरतात. पारदर्शक कुपी मग धुक्यात ठेवल्यासारखी दिसू लागते. इतर कोणत्याही काचेत हा दोष ठरेल. इथे जाणकार ती कुपी प्रकाशाकडे धरून जास्त वेळ न्याहाळतो, कारण कृती अजून बसत होती त्या दिवसांची खूण तिच्या अंगात असते. अशी काच जपायची तर हवा फार दमटही नको आणि एकदम कोरडीही नको. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात राहणाऱ्या माणसाने ती विकत घेण्याआधी कपाटाचा विचार करावा.

मग सुरू होते काचेचे दुसरेच रूप धरण्याचे प्रकरण. छिंग काळातल्या काचकामगाराला सगळ्यांत जास्त आनंद कशात वाटत असेल तर काचेला दगड करण्यात. लोण्यासारख्या पांढऱ्या जेडची काच, पोवळ्याची काच, तृणमणीची काच, पेरोजाची काच, राजावर्ताची काच. मनशिळेची नक्कल तर थक्क करणारी आहे. मनशीळ आणि हरताळ ही सोमलाची जुळी खनिजे, एक तांबडे-केशरी आणि दुसरे पिवळे. आपल्याकडे जुन्या पोथ्यांतली चुकलेली अक्षरे झाकायला लेखक हरताळ लावत, त्यातूनच ‘हरताळ फासणे’ आले. चीनमध्ये मनशीळ विषबाधा आणि अशुभ टाळणारी मानली जाई; पाचव्या महिन्यातल्या सणाला ती दारूत घालून पीत. पण खरी मनशीळ उजेडात ठेवली की हळूहळू पिवळी पूड होऊन झडते, आणि ती विषारी असतेच. काचेने तिचा सगळा रंग घेतला: केशरी, शेंदरी, पिवळ्या लाटा एकमेकींत मुरलेल्या, मधे कुठे गडद तांबडा डाग. विष आणि झड मात्र घेतली नाही. लंडनचा संग्राहक हान्स स्लोन १७५३मध्ये वारला आणि त्याच्या संग्रहातून ब्रिटिश म्यूझियमचा पाया घातला गेला. त्या संग्रहात अशी मनशिळी काच आहे. म्हणजे १७५३च्या आधी ती बनत होती हे निर्विवाद. कालनिर्णयाच्या या अंधाऱ्या प्रांतात असे पक्के खुंटे थोडेच आहेत, म्हणून संग्राहक त्यांना घट्ट धरून असतात.

च्येनलोंग सम्राटाच्या काळात, १७४०च्या सुमाराला, गाब्रिएल-लेओनार द ब्रोसार हा फ्रेंच जेझुइट कारखान्यात आला आणि त्याच्या हाताखाली तांब्याच्या चकाकत्या कणांनी भरलेली सोनेरी तपकिरी काच राजवाड्यात बनू लागली. व्हेनिसने जे गुपित म्हणून जपले होते ते आता पेकिंगमध्ये भट्टीतून निघत होते.

सम्राटाला या कुप्यांचा उपयोग स्वतःपुरता नव्हता. तो त्या वाटायचा. नव्या वर्षाला, सणांना, वाढदिवसाला, दौऱ्यावर भेटलेल्या अधिकाऱ्यांना आणि सरहद्दीवरच्या मंगोल सरदारांना. १७५५मध्ये च्येनलोंगने रेहे इथल्या उन्हाळी राजधानीत वाटण्यासाठी ५०० काचेच्या कुप्या आणि ३,००० इतर काचवस्तू बनवण्याचा हुकूम दिला. हा आकडा नीट वाचला पाहिजे. एका हंगामात, एका ठिकाणी, एका प्रसंगासाठी ५०० कुप्या. सम्राटाच्या हातून मिळालेली कुपी कमरेला लावून फिरणे म्हणजे दरबारातली आपली जागा न बोलता दाखवणे. मग ज्यांना ती मिळाली नाही त्यांनी तशीच बाजारातून करून घेतली, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तपकीर राजवाड्यातून उतरून अधिकारी, व्यापारी, दुकानदार यांच्यापर्यंत पोचली. चाओ चिछ्येन या चित्रकार-मुद्राकोरकाने (१८२९–१८८४) तपकीर आणि कुप्या यांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. बाजारात नावाजलेल्या शिन, ले आणि युआन या तीन घराण्यांच्या काचेचा उल्लेख त्यात येतो. अमुक कुपी शिन घराण्याची असे आज कोणी ठामपणे म्हटले तर मात्र त्याला पुरावा विचारावा. नावे उरली, वस्तूंवर सह्या नाहीत.

काचेच्या कुप्यांत सर्वांत जास्त जमवला जातो तो थरांचा प्रकार. आधी एका रंगाची कुपी फुंकायची, बहुतेक वेळा दुधाळ पांढरी. ती निवण्याआधी दुसऱ्या रंगाच्या वितळलेल्या काचेत बुडवायची, म्हणजे वर एक कवच चढते. मग हळूहळू थंड होऊ द्यायची. घाई केली तर दोन काचा वेगवेगळ्या आकसतात आणि कुपी तडकते. इथे भट्टीवाल्याचे काम संपते आणि ती जेड कोरणाऱ्याकडे जाते. त्याच्याजवळ छिन्नी-हातोडा नाही. पायाने फिरवायच्या आसावर बसवलेली लोखंडी चकती आणि ओली कडक वाळू, एवढ्यावर तो वरचा रंग झिजवत जातो. जिथे चित्र हवे तिथे तांबडी काच राहते, बाकीची जाते आणि खालची पांढरी जमीन उघडी पडते. या जमिनीला चिनी कारागिरांनी दिलेली नावे स्वयंपाकघरातून आणि आकाशातून आली आहेत: कमळकंदाच्या पिठाची जमीन, हिमकणांची जमीन. पिठाळ, किंचित पारदर्शक, आत बुडबुड्यांचे ठिपके. रंग एकच असला तरी काम अवघड. चार-पाच रंग असले तर जिथे जो हवा तिथे तेवढाच तुकडा आधी चिकटवलेला असतो, आणि कोरणाऱ्याला पान हिरव्यात, फूल गुलाबीत, फुलपाखरू पिवळ्यात बसवावे लागते. एकाही ठिकाणी चकती खोल गेली तर परतीची वाट नाही.

चित्रांत काय असते? बेडूक, गोगलगाय, नाकतोडे, कमळ, मासे, वेलीवरचे भोपळे, शेपटी वळवलेले ड्रॅगन, मांजर आणि फुलपाखरू. आणि वटवाघूळ, सगळीकडे वटवाघूळ. आपल्याकडे संध्याकाळी घरात वटवाघूळ शिरले तर लोक अस्वस्थ होतात. चिनी भाषेत त्याच्या नावाचा उच्चार ‘फू’ आणि सुखसमृद्धीचाही ‘फू’. पाच वटवाघळे म्हणजे पाच सुखे. मांजर आणि फुलपाखरू यांचे उच्चार जोडले की ऐंशी-नव्वदीच्या दीर्घायुष्याचा शब्द कानावर येतो. म्हणजे वडीलधाऱ्याला अशी कुपी देणे हा आशीर्वादच. चित्र केवळ डोळ्यांनी पाहणारा या कुप्यांचे अर्धेच दर्शन घेतो; उरलेले अर्धे उच्चारून पाहावे लागते.

काचेवरची मीनाकारी हा सगळ्यांत दुर्मिळ आणि सगळ्यांत धोक्याचा प्रांत. चित्रकार पांढऱ्या दुधाळ कुपीवर रंग भरतो आणि तो पक्का करायला कुपी पुन्हा भट्टीत जाते. रंग वितळायला लागणारी उष्णता आणि कुपीच मऊ पडायला लागणारी उष्णता यांच्यात अंतर अगदी थोडे. जरा कमी पडली तर रंग कच्चा राहतो, जरा जास्त झाली तर कुपीचा आकार बसतो. योंगचंग सम्राटाच्या कारकिर्दीत, १७२८मध्ये, राजवाड्याच्या कारखान्यांनी मीनाकारीचे अनेक नवे रंग स्वतः तयार केले आणि युरोपी रंगांची गरज कमी झाली. त्यानंतर काचेवरची ही चित्रे अधिक मोकळी झाली: तितर, फुले, कधी युरोपी बायका आणि मुले.

या प्रकाराला बाजारात ‘गूयुएश्वान’ म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘प्राचीन चंद्राचा मंडप’. काही कुप्यांच्या तळाशी ही तीन अक्षरे असतात. पुष्कळ वर्षे एक दंतकथा सांगितली जाई की हू आडनावाचा एक काचकाम करणारा होता, आणि ‘हू’ हे अक्षर फोडले की ‘गू’ आणि ‘युए’ निघतात. कथा अशी बेतशुद्ध होती की कोणी तपासायच्या भानगडीत पडले नाही. राजवाड्याच्या दप्तरांचा अभ्यास झाल्यावर कळले ते निराळे: गूयुएश्वान हा च्येनलोंगने १७६७मध्ये पेकिंगजवळच्या युआनमिंगयुआन या आपल्या उद्यान-राजवाड्याच्या बागांत बांधलेला मंडप. ही अक्षरे त्या जागेसाठी बनवलेल्या वस्तूंवर होती. मागाहून ती अक्षरे नावाजली आणि कोणीही कशावरही कोरू लागला.

याच प्रांतात विसाव्या शतकातली एक गोष्ट घडली आणि ती प्रत्येक संग्राहकाने लक्षात ठेवावी अशी आहे. पेकिंगचा ये चोंगसान हा कुपीच्या आतून चित्र काढणारा नावाजलेला कलावंत. त्याचा मुलगा ये बंगछी याने १९३० आणि १९४०च्या दशकांत गूयुएश्वान पद्धतीच्या मीनाकारीच्या कुप्या घडवल्या, जुन्या चिन्हांसह. त्या इतक्या उत्तम होत्या की जगभरच्या मोठ्या संग्रहांत च्येनलोंग काळाच्या म्हणून विराजमान झाल्या. पुढे ब्रिटिश अभ्यासक आणि विक्रेते ह्यू मॉस यांनी पेकिंगच्या कलावंतांशी बोलून आणि वस्तू समोरासमोर ठेवून हा गट वेगळा काढला. तेव्हा अनेक मान्यवर संग्राहकांना आपल्या सर्वांत प्रिय कुपीची तारीख दीडशे-दोनशे वर्षांनी पुढे सरकवावी लागली. त्यांतल्या कित्येकांनी त्या कुप्या तरीही जपल्या, आणि ते योग्यच केले. ये बंगछी आज स्वतःच्या नावाने जमवला जातो.

आतून चित्र काढलेल्या कुप्यांबद्दल इथे थोडक्यातच. पारदर्शक कुपीत लोखंडी कण आणि कुरुंदाची पूड घालून हलवत राहायचे, आतला गुळगुळीतपणा गेला की रंग धरतो. मग बाकदार टोकाच्या बांबूच्या लेखणीने मानेतून हात न घालता उलटे चित्र काढायचे, पुढचे आधी, मागचे नंतर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चोउ लयुआनने या कलेला निसर्गचित्रांची खोली दिली, मा शाओश्वानने माणसांचे हुबेहूब चेहरे आणि दुसऱ्या बाजूला सुंदर हस्ताक्षर आणले. हे कलावंत सही करत, तारीख घालत, म्हणून यांचा इतिहास लिहिणे सोपे आहे. त्यांच्या बहुतेक कुप्यांत तपकीर कधी भरलीच गेली नाही.

सवय कशी संपली ते सांगायला फार वेळ लागत नाही. १९०२नंतर परदेशी कंपन्यांच्या सिगारेटी चीनच्या गल्लोगल्ली पोचल्या, १९१२मध्ये राजवट गेली, आणि आजवर सत्तेत असलेल्या मांचू घराण्यांतल्या लोकांनी पोटासाठी कपाटे रिकामी करायला सुरुवात केली. त्याआधी १८६०मध्ये युआनमिंगयुआन लुटून जाळले गेले होते आणि १९००मध्ये परदेशी फौजा पेकिंगमध्ये शिरल्या होत्या. आज एखाद्या युरोपी घराण्याच्या कपाटातून राजवाड्याची कुपी निघते तेव्हा ती तिथे कशी गेली, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. राजधानीतली जुन्या वस्तूंची गल्ली म्हणजे लिउलीछांग. छिंगांच्या आधीच्या मिंग काळात तिथे राजवाड्याच्या रंगीत चकचकीत कौलांची भट्टी होती, नावात ती अजून आहे. परदेशी वकिलातींतली माणसे, प्रवासी, मिशनरी तिथे जात आणि मुठीत मावणारी, सामानात सहज जाणारी एखादी कुपी घेत. अशा साध्या खरेदीतून अमेरिकेत आणि युरोपात पहिले संग्रह उभे राहिले. कॅलिफोर्नियाच्या लिला पेरी यांनी १९६०मध्ये आपल्या संग्रहावर आणि शोधांवर पुस्तक लिहिले. १९६८मध्ये बाल्टिमोरला एडवर्ड ओ’डेल यांनी संग्राहकांची संस्था काढली, ती आजही नियतकालिक छापते. मेरी आणि जॉर्ज ब्लॉख या दांपत्याच्या संग्रहाची अनेक खंडांची सूची मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, आणि २०१० ते २०१५ या काळात तो संग्रह हाँगकाँगमध्ये दहा लिलावांत विकला गेला. मोठे खरेदीदार आता चीनमधलेच असतात. कुप्या घरी परतत आहेत, हे त्या लिलावांतले खरे दृश्य होते.

यातून नवख्याने काय घ्यावे? आधी हातात घेऊन पाहण्याची सवय. छायाचित्रात सगळ्या कुप्या सारख्याच चमकतात. हातात घेतल्यावर जुन्या काचेचे वजन, थंडपणा, तळाच्या कडेची झीज कळते. बैठकीवरचे बारीक ओरखडे नैसर्गिक असतील तर ते सगळ्या दिशांनी गेलेले असतात, कोणी कागदाने घासून आणले असतील तर एकाच दिशेने. थरांच्या कुपीत भिंगाखाली चित्राची कड पाहावी: चकतीने कापलेली कड स्पष्ट असते, चकतीचे पुसट ठसे खोलगट जागी उरतात; साच्यात दाबून किंवा आम्लाने खाऊन केलेल्या नव्या मालाची कड मऊ, साबणासारखी असते. कोरीव चित्राइतकेच लक्ष मोकळ्या जमिनीकडे द्यावे. ती सपाट आणि शांत ठेवणे हेच सर्वांत कष्टाचे काम, आणि घाईचा कारागीर तिथेच सापडतो. च्येनलोंगची चार अक्षरे तळाशी असली म्हणून हुरळून जाऊ नये. ती अक्षरे शंभर वर्षांनीही कोरली गेली आहेत. टोपण मूळचे असणे हे तर नशीबच. बहुतेक कुप्यांनी दोन-तीन टोपणे बदललेली असतात.

एक व्यावहारिक सूचना द्यावीशी वाटते. बुचाखालची चमची हस्तिदंताची असेल तर ती सरहद्द ओलांडताना अडते. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधने आहेत आणि भारतात तो कायद्याने बंदच आहे. बोटाच्या पेराएवढ्या त्या चमचीमुळे अख्खी कुपी जप्त होऊ शकते. जाणकार विक्रेते ती काढून बांबूची बसवतात.

आपल्या वाचकाला मुंबईत एक जागा जवळ आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी वस्तूंत उत्तम जेड आहे. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात चीनशी जो व्यवहार केला त्याच्या मागोमाग ही आवड शहरात आली. चिनी काच समजून घ्यायची तर आधी जेडसमोर पुरेसा वेळ उभे राहावे. तिची चिकण चमक, कडांची गोलाई, आत अडकलेला उजेड डोळ्यांत बसला की काचेने त्यातले काय घेतले आणि काय स्वतःचे ठेवले ते आपोआप दिसू लागते.

आणि शेवटी कुपीच्या आत पाहावे. वापरलेल्या जुन्या कुपीच्या मानेत, खांद्याच्या वळणावर, कधी तळाशी, तपकिरी डाग असतो. पारदर्शक काचेत तो बाहेरूनही दिसतो. काही संग्राहक कोमट पाण्याने तो धुऊन काढतात, म्हणजे काचेचा रंग खुलतो. काही त्याला हात लावत नाहीत. भेगाळलेल्या काचेत तर पाणी घालूच नये. बूच जुने आणि घट्ट असेल तर उघडताना पूड अजून मानेला चिकटलेली सापडते, कोरडी, दाट तपकिरी रंगाची, आणि चमचीच्या टोकाला तिचा एक कण लागून बाहेर येतो.